खुर्ची, आरामखुर्ची, पलंग, खोली : लांबच्या विमानप्रवासात जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

सांगलीहून आत्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. लेकीच्या बाळंतपणासाठी ती न्यू जर्सीला निघाली आहे. वय ६७, गुडघे कुरकुरणारे, परदेशी जायची पहिलीच वेळ. "अगं, जावई म्हणतो प्रीमियम इकॉनॉमी काढतो, आपला धाकटा म्हणतो आईला बिझनेसनंच पाठवायचं. दोघांचं वाजलंय. मला एवढंच सांग, पाठ टेकता कशात येते?"

अर्ध्या तासात सांगते म्हटलं आणि दोन दिवस लावले. प्रश्न इतका सरळ होता की कंपन्यांची पानं चाळूनही त्याचं सरळ उत्तर सापडेना. सगळीकडे हसरी माणसं, पांढऱ्या चादरी, काचेचे पेले आणि 'अनुभव' हा शब्द. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून भारतातून निघणाऱ्या इकॉनॉमीखेरीजच्या विमान तिकिटांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. इकॉनॉमीचा मात्र ५ टक्केच राहिला. मूळ भाडं तीन लाख धरलं तर नुसता कर ३६ हजारांवरून ५४ हजारांवर गेला. एवढे पैसे मोजायचे तर ते कशाचे, हे कळायला नको?

आधी रेल्वेचा डबा आठवा

विमानातल्या वर्गांची नावं विसरा आणि रेल्वेकडे बघा. इकॉनॉमी म्हणजे चेअर कार. प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे वंदे भारतची एक्झिक्युटिव्ह चेअर कार: एका रांगेत पाचांऐवजी चार खुर्च्या, हातपाय पसरायला जागा, ताटही बरं. पण आहे ती खुर्चीच. बिझनेस म्हणजे टू टायरचा बर्थ, आडवं होता येतं. आणि फर्स्ट म्हणजे फर्स्ट एसीचं कूपे.

घरातल्या सामानाच्या भाषेत सांगायचं तर खुर्ची, आरामखुर्ची, पलंग आणि खोली. खरी दरी आहे ती आरामखुर्ची आणि पलंग यांच्यामध्ये. आरामखुर्ची कितीही मऊ असली तरी त्यात माणूस बसतो. पेंगतो फार तर. आत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं: प्रीमियम इकॉनॉमीत पाठ टेकते, पण आडवी होत नाही.

हे चार वर्ग काही पहिल्यापासून नव्हते. पूर्वी पुढे फर्स्ट आणि मागे इकॉनॉमी, एवढंच असायचं. एअर इंडियाचं पहिलं जंबो जेट १९७१ मध्ये मुंबईत उतरलं, तेव्हा खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी होती आणि 'आकाशातला राजवाडा' अशी जाहिरात. पण त्या राजवाड्यातही फर्स्टवाला रात्री झोपायचा तो मागे रेललेल्या खुर्चीतच. 'बिझनेस क्लास' हे नाव ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासनं १९७९ मध्ये आणलं. पूर्ण भाडं भरणाऱ्या कामकाजी माणसाला सवलतीच्या तिकिटावर आलेल्या पर्यटकापासून वेगळं बसवायचं, एवढाच तेव्हाचा हेतू. प्रीमियम इकॉनॉमी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची. आणि बिझनेसमध्ये पूर्ण सपाट होणारा पलंग ब्रिटिश एअरवेजनं आणला तो २००० साली. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आज लोक तीन-चारपट पैसे मोजतात, ती जेमतेम पंचवीस वर्षांची आहे.

घरातला टेप काढा

जाहिरातीत 'ऐसपैस' लिहिलेलं असतं. ते मोजायचं एक माप आहे, 'पिच'. पुढच्या खुर्चीच्या पाठीवरचा एक ठिपका आणि आपल्या खुर्चीच्या पाठीवरचा तोच ठिपका, यांतलं अंतर म्हणजे पिच. लक्षात घ्या, ही पायांसाठीची मोकळी जागा नव्हे. आपल्या पाठीच्या गादीची जाडी यातच धरलेली असते.

मी आत्याला सांगितलं, जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या एकामागे एक ठेव आणि टेप लाव. इकॉनॉमीत हे अंतर साधारण ३१ ते ३२ इंच. तिनं खरंच ठेवल्या, मागच्या खुर्चीत बसली आणि फोनवर म्हणाली, "गुडघा लागतोय की गं समोर." मग ३८ इंचांवर ठेवायला सांगितल्या, ते प्रीमियम इकॉनॉमी. "आता उठता येतंय," असं उत्तर आलं. सहा इंचांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण गुडघेदुखी असलेल्या माणसाला पंधरा तासांत सात-आठदा उठायचं असतं, तिथे या सहा इंचांनाच मोल आहे. रुंदीत दीड-दोन इंच वाढतात, आणि खरा फायदा हाताचा: दोघांत एकच कोपरटेकू नसतो, त्यामुळे शेजाऱ्याशी मूक लढाई करावी लागत नाही.

बिझनेसमध्ये पिच विचारण्यात अर्थ नाही. तिथे विचारायची ती पलंगाची लांबी. ती बहुधा ७५ ते ८० इंचांच्या दरम्यान असते, म्हणजे सव्वासहा फूट आणि वर.

पलंगाचेही प्रकार असतात

इथून पुढे जरा सावकाश जाऊ, कारण लोक फसतात ते इथेच.

पहिला प्रकार उतरता पलंग. खुर्ची सरळ होते, पण जमिनीला समांतर होत नाही. डोकं वर, पाय खाली. दिसायला आडवं, पण रात्रभर माणूस घसरगुंडीवरून हळूहळू खाली सरकत राहतो आणि दर तासाला स्वतःला वर ओढून घेतो. हा प्रकार आता कमी झाला आहे, पण जुन्या विमानांत भेटू शकतो. दुसरा पूर्ण सपाट. तिकीट काढताना 'फुल फ्लॅट' किंवा 'लाय फ्लॅट' हे शब्द शोधायचे, आणि नुसतं 'फ्लॅट' दिसलं तर खात्री करून घ्यायची.

पलंग सपाट आहे म्हणजे झालं, असंही नाही. पुढचा प्रश्न: उठून बाहेर पडायला रस्ता आहे का? विमानातली मांडणी आकड्यांत लिहितात. २-२-२ म्हणजे दोन खुर्च्या, वाट, दोन खुर्च्या, वाट, दोन खुर्च्या. यात खिडकीकडचा माणूस रात्री दोनला उठला की शेजाऱ्याच्या पसरलेल्या पायांवरून टांग टाकणं आलं. २-३-२ मध्ये मधल्या तिघांतल्या मधल्याचे हाल काय वर्णावेत. लाखो रुपये भरून मधली सीट! १-२-१ मध्ये मात्र प्रत्येकाला स्वतःची वाट मिळते. आत्यासारख्या प्रवाशासाठी मी हा आकडा जेवणाच्या यादीच्या आणि पडद्याच्या इंचांच्या कितीतरी वर ठेवीन.

तिसरी गोष्ट पायांची. विमानाच्या रुंदीत एवढे पलंग बसवायचे तर कुठेतरी चोरी करावीच लागते, आणि ती पायांकडे करतात. आपले पाय पुढच्या प्रवाशाच्या बाजूच्या टेबलाखालच्या कप्प्यात जातात. खांद्याशी रुंद, पायाशी निमुळता, असा पलंगाचा आकार होतो. कप्पा अरुंद असला की कुशीवर वळताना गुडघा अडतो, पावलं एकमेकांवर ठेवावी लागतात. यावर एक साधी युक्ती आहे. बिझनेसच्या भागातल्या सर्वांत पुढच्या रांगेसमोर दुसरी खुर्ची नसते, भिंत असते. त्यामुळे तिथे पायांचा कप्पा बहुधा मोठा असतो. सीट निवडता येत असेल तर ही आधी बघावी. फक्त ती स्वयंपाकघराला किंवा पाळण्याच्या जागेला चिकटून नाही ना, हेही बघावं.

आणि दार. २०१७ मध्ये कतार एअरवेजनं बिझनेसच्या खुर्चीला सरकतं दार लावलं, आणि तेव्हापासून 'सुइट' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. ही खोली नव्हे हो. चारेक फूट उंचीच्या पार्टिशनला सरकता पडदा असावा तसं ते दार. वरून उघडं, बाहेर उभी राहिलेली हवाईसुंदरी सहज आत डोकावू शकते. आवाज त्यानं अडत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर अडते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी ते उघडं अडकवून ठेवावंच लागतं. आतून कडी नसते. आहे ते बरंच आहे, पण दारासाठी म्हणून मी वेगळे पैसे मोजणार नाही.

आईची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी भावानं तिला हौसेनं बिझनेसनं बोलावलं. उतरल्यावर विचारलं, "झोप झाली?" तर म्हणाली, "छान झाली, बसल्या बसल्या." हाताशी चित्रांची चार बटणं होती; कुठलं दाबलं की काय होईल या धास्तीनं तिनं एकही दाबलं नव्हतं. आणि त्या पोरीला सारखं काय बोलवायचं, म्हणून विचारलंही नव्हतं. भावानं भरलेले अडीच लाख घडी न मोडता परत आले. तेव्हापासून घरातलं कुणीही ज्येष्ठ निघालं की मी बटणांचा फोटो आधी मोबाइलवर पाठवते, आणि बजावते की विमान वर गेल्यावर "माझी बेड करून द्या" एवढंच म्हण. गादी अंथरून देणं हे त्यांचं कामच आहे.

कंपनीचं नाव नको, विमान विचारा

'अमक्या कंपनीचा बिझनेस चांगला का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. हॉटेलसाखळीचं नाव सारखं असतं, खोल्या सारख्या नसतात, तसंच हे.

दुबईची एमिरेट्स घ्या. तिच्या दुमजली ए३८० विमानात बिझनेस १-२-१, मागे उभं राहून गप्पा मारायला बार, फर्स्टवाल्यांना तर चक्क शॉवर. त्याच कंपनीच्या बऱ्याच जुन्या ७७७ विमानांत बिझनेस २-३-२. भाडं मात्र त्याच वर्गाचं. आता कंपनी जुनी विमानं नव्यानं सजवते आहे, त्यामुळे तिसराही प्रकार समोर येऊ शकतो.

एअर इंडियाचंही तेच. जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ए३५० मध्ये २८ बिझनेस सुइट, १-२-१, दारासकट. २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि २६४ इकॉनॉमी. कंपनीच्या मूळच्या ७७७ मध्ये बिझनेस २-३-२, आणि मूळच्या ७८७ मध्ये २-२-२. जुन्या विमानांच्या आतल्या सजावटीचं काम टप्प्याटप्प्यानं चाललं आहे, म्हणजे पुढची काही वर्षं एकाच कंपनीच्या तिकिटावर नवं घरही मिळू शकतं आणि जुनंही.

इंडिगोनं २०२५ च्या जुलैत मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केलं, ते भाड्यानं घेतलेल्या ७८७ विमानांनी. त्यातल्या वरच्या वर्गाचं नाव 'स्ट्रेच', आणि दिल्ली-मुंबई विमानातल्या वरच्या वर्गाचं नावही तेच. त्या ७८७ मध्ये या वर्गाच्या ५६ खुर्च्या २-३-२ अशा मांडल्या होत्या. पाय पसरायला जागा भरपूर, पण पलंग होत नाही. आपल्या भाषेत आरामखुर्ची. यात फसवणूक काही नाही, भाडंही त्या मानानं कमी. फक्त नावावरून पलंगाची कल्पना करून बसू नये.

मग करायचं काय? तिकीट काढताना उड्डाणाच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. तो बघायचा आणि सीट निवडायचा नकाशा उघडायचा. बिझनेसच्या एका रांगेत चार चौकोन दिसले तर १-२-१, सहा दिसले तर २-२-२, सात दिसले तर २-३-२. मोठ्या दोन वाटांच्या विमानात हे मोजणं शाळकरी पोरालाही जमतं. विमान ऐनवेळी बदलू शकतं, ही गोष्ट वेगळी. त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा नकाशा बघावा.

पण तिप्पट-चौपट भाडं? ही लूट नव्हे?

हा प्रश्न मामांचा. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाला तो पडणारच.

विमानात कंपनी विकते ती खुर्ची नव्हे, जमीन. मुंबईत आपण फ्लॅटचा भाव चौरस फुटात विचारतो, तसंच आत आहे. ब्रिटिश सरकार प्रवासाच्या प्रदूषणाचा हिशेब करण्यासाठी लांबच्या उड्डाणांचे काही गुणक देतं, आणि ते मुख्यतः कोण किती जागा व्यापतो यावरच बेतलेले आहेत: इकॉनॉमी १ धरली तर प्रीमियम इकॉनॉमी १.६, बिझनेस २.९ आणि फर्स्ट ४. म्हणजे बिझनेसवाला जवळजवळ तीन माणसांची जागा खातो. (प्रदूषणही त्याच्या नावावर तेवढंच चढतं, हे त्या आकड्यांचं मूळ प्रयोजन.) भाडं तिप्पट असेल तर ते जागेचं भाडं झालं. त्यावरचं जे, ते कंपनीची कमाई आणि आपली हौस.

शिवाय ती खुर्ची म्हणजे फर्निचर नव्हे. अपघाताच्या धक्क्यात ती टिकायला हवी म्हणून गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट जोराची चाचणी असते, डोकं कशावर आपटेल हे तपासतात, दार अडकलं तर माणूस बाहेर कसा पडेल हे सिद्ध करावं लागतं. लुफ्तान्झाला २०२५ मध्ये नवी ७८७ विमानं मिळाली, पण खुर्च्यांची मंजुरी रखडल्यामुळे बिझनेसच्या २८ पैकी सुरुवातीला फक्त ४ जागा विकता आल्या. बाकीच्या रिकाम्या घेऊन विमान उडत होतं.

"मग सगळं विमानच बिझनेसचं का करत नाहीत, एवढी कमाई असेल तर?" मामांचा उलटा वार. करून पाहिलं आहे. अटलांटिकवर नुसता बिझनेस विकणाऱ्या मॅक्सजेट, इऑस आणि सिल्व्हरजेट या तिन्ही कंपन्या डिसेंबर २००७ ते मे २००८ या सहा महिन्यांत बुडाल्या. तेल महागलं, मंदी आली आणि बिझनेसवाला घरी बसला. मागे इकॉनॉमीची दोन-अडीचशे माणसं नव्हती की जी निदान तेलाचा खर्च काढतील. लग्नात पंगत असते म्हणून पाहुण्यांची खास खोली परवडते, तसं काहीसं. पॅरिस-न्यूयॉर्क करणारी एक छोटी फ्रेंच कंपनी मात्र २०१४ पासून तग धरून आहे.

झोपेचा भाव काढून पाहू

आता हिशेब. आकडे समजण्यापुरतेच, तुमचं तिकीट वेगळं असेल. समजा मुंबई-न्यूयॉर्क जाऊन-येऊन इकॉनॉमी १ लाख १० हजार, प्रीमियम इकॉनॉमी १ लाख ८० हजार, बिझनेस ३ लाख ५० हजार. थेट विमानाला एका बाजूला पंधरा-सोळा तास.

इकॉनॉमीत तुकड्यातुकड्यांनी तीन तास डोळा लागतो असं धरू. पलंगावर सात. म्हणजे एका बाजूला चार, दोन्हीकडचे मिळून आठ तास झोप जास्त. त्यासाठी जादा दिले २ लाख ४० हजार. तासाला ३० हजार रुपये. या भावात पंचतारांकित हॉटेलची अख्खी रात्र मिळते.

आता प्रीमियम इकॉनॉमी. एका बाजूला फार तर तासभर झोप वाढेल, दोन्हीकडचे दोन तास. जादा दिले ७० हजार. तासाला ३५ हजार! म्हणजे झोपेसाठी म्हणून घेतली तर प्रीमियम इकॉनॉमी बिझनेसपेक्षाही महाग पडते. ती घ्यायची गुडघ्यांसाठी, कोपरांसाठी, शेजारच्याचं डोकं खांद्यावर येऊ नये यासाठी. जागेपणीचे बारा तास सुसह्य करणं हे तिचं काम, आणि ते ती चोख करते.

यातूनच माझा आवडता सल्ला निघतो: दोन्ही बाजू एकाच वर्गात काढायलाच हव्यात असं नाही. लंडनचं उदाहरण घ्या. मुंबईहून पहाटे किंवा दुपारी निघणारं विमान दिवसाउजेडी तिथे पोहोचतं. त्यात पलंग घेऊन काय, दुपारची डुलकीच काढायची. परतीचं बरेचदा रात्रीचं असतं. पैसे घालायचेच तर त्या रात्रीत घाला. मात्र दोन सुटी तिकिटं कधीकधी जाऊन-येऊनपेक्षा महाग पडतात, म्हणून एकाच तिकिटावर दोन वर्ग करून मागा. आणि आखाती देशांतून जाणाऱ्यांनी मुंबई-दुबईच्या तीन तासांवर जादा पैसे घालू नयेत. त्यात जेवण येतं, ट्रे उचलेपर्यंत पट्टा बांधायची वेळ होते.

पैसे देऊनही जे मिळत नाही

विमान सगळ्यांना एकाच वेळी पोहोचवतं, हे मामांचं म्हणणं बिनतोड आहे. गचकेही सगळ्यांना तेच. उलट पंखांच्या आसपास ते जरा कमी जाणवतात, आणि तिथे बहुधा इकॉनॉमी असते.

हवासुद्धा एकच. वर गेल्यावर विमानातला दाब जमिनीसारखा ठेवत नाहीत. जुन्या धाटणीच्या विमानांत तो ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका विरळ होऊ शकतो, ७८७ आणि ए३५० मध्ये ६,००० फुटांपर्यंतच ठेवतात. कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फूट. म्हणजे फर्स्टमधला शेठ आणि शेवटच्या रांगेतला विद्यार्थी दोघंही कळसूबाईच्या वर बसून पंधरा तास काढतात. हवा कोरडी, घसा सुकणारा. म्हणूनच आत्याला मी म्हटलं, वर्ग कुठलाही घे, पण जमलं तर विमान ७८७ किंवा ए३५० घे. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

जिभेचंही तेच होतं. जर्मनीत लुफ्तान्झासाठी विमानासारखा कमी दाब तयार करून चाचण्या झाल्या, तेव्हा मिठाची आणि साखरेची चव मंदावते असं दिसलं. त्यामुळे नामवंत शेफची सही असलेलं ताटही वर गेल्यावर थोडं अळणी लागतं. मसालेदार भाजी त्यातल्या त्यात तरते. आपल्या लोकांनी डब्यात ठेचा नेण्यामागे असं पक्कं शास्त्र आहे, फक्त आपल्याला ते ठाऊक नव्हतं.

लाउंज, गाडी वगैरे

लवकर उरकते. विमानतळावर वेगळी रांग, लाउंजमध्ये खाणं आणि अंघोळीची सोय, बॅगा आधी येणं, हे सगळं बिझनेससोबत येतं, असं आपण धरून चालतो. आता ते धरून चालू नये. २०१९ पासून एमिरेट्सनं आणि २०२० पासून कतारनं बिझनेसचे स्वस्त प्रकार काढले, त्यात लाउंज नसतं. पलंग तोच, बाकीचं कापलेलं. मला यात काही गैर वाटत नाही. पण मोठा मुक्काम असेल, वय झालेलं असेल, तर तिकिटाखालची बारीक अक्षरं वाचावीत.

व्हीलचेअर मात्र कुठल्याही वर्गात मिळते, गरज असेल त्याला, वेगळे पैसे न देता. तिकीट काढतानाच नोंदवायची. नुसत्या व्हीलचेअरसाठी बिझनेस काढणारी माणसं मला भेटली आहेत.

पायात गाठी होतात म्हणतात, त्याचं काय?

धाकट्याचा मुख्य मुद्दा हाच होता. बराच वेळ न हलता बसल्यानं पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, हे खरं. त्याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असं नाव पडलं आणि लोकांना वाटलं की तिकीट महाग काढलं की धोका टळला. छातीच्या विकारांच्या अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेनं २०१२ च्या मार्गदर्शनात सांगितलं की इकॉनॉमीत बसल्यानंच हा धोका वाढतो याला ठोस पुरावा नाही. खिडकीशी बसणाऱ्याला मात्र तो जास्त, कारण तो उठत नाही. म्हणजे वाटेकडेची सीट आणि दर दीड-दोन तासांनी एक फेरी. आधी गाठ झालेली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर प्रश्न डॉक्टरांना विचारायचा, ट्रॅव्हल एजंटला नव्हे.

सूट घालून गेलं की पुढे बसवतात?

नाही. ही दंतकथा माझ्या लहानपणापासून ऐकते आहे. इकॉनॉमी जास्त विकली गेली आणि पुढे जागा उरली तर काहींना वर ढकलतात, पण त्यात पहिला मान त्या कंपनीनं वारंवार प्रवास करणाऱ्यांचा. कपडे कोणी बघत नाही. आजकाल बऱ्याच कंपन्या उरलेल्या जागांसाठी आधी बोली लावायला सांगतात: तुम्ही आकडा द्यायचा, पटला तर जागा तुमची. यात मिळतं ते कधीकधी खरंच स्वस्त. पण बोली लावण्याआधी तो नकाशा उघडून चौकोन मोजायला विसरू नका, नाहीतर पैसे भरून २-३-२ मधली मधली सीट पदरात पडायची.

हे सगळं मी आत्याला दोन संध्याकाळी सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं, १-२-१ ला चौकट केली. जाताना प्रीमियम इकॉनॉमी आणि येताना बिझनेस, असं माझं मत पडलं. जाताना पोटच्या पोरीकडे जायच्या ओढीनं तसाही डोळा लागणार नाही. परतताना तीन महिन्यांचं जागरण अंगात असणार, तेव्हा पलंग हवा. तिलाही ते पटलं.

काल पुन्हा फोन. तिकीट काढून झालं होतं. "जाताना बिझनेस घेतला गं. येताना साधं."

मी चाटच पडले. "अगं पण झोप..."

"झोपेचं काय घेऊन बसलीस. तूच नाही का म्हणालीस, साध्यात तेवीस-तेवीसच्या दोन बॅगा आणि बिझनेसला बत्तीस-बत्तीसच्या? अठरा किलो जास्त जातंय. डिंकाचे लाडू, अळीव, गोडा मसाला, बाळाच्या दुपट्यांचा गठ्ठा. येताना काय आणायचंय मला तिकडनं!"